फंक्शनच्या आत फंक्शन लिहिल्यापासून प्रोग्राम ७ सेकंदांवरून ३ मिनिटांवर गेलाय, नेमकं काय खातंय ते शोधायचं कसं?

नवी_ओळ

मंडळी, दोन दिवस झाले याच्याच मागे आहे, आता विचारतेच. पायथन ३.१० वापरतेय. एक सीएसव्ही फाइल आहे, २ लाख ओळींची. ४०० सेन्सर आहेत आणि प्रत्येकाच्या ५०० नोंदी, ओळी वेळेप्रमाणे लावलेल्या आहेत म्हणजे आधी सगळ्या ४०० सेन्सरची एकेक नोंद येते, मग परत पहिल्या सेन्सरपासून सुरू. प्रत्येक सेन्सरची एक छोटीशी जेसन फाइल आहे, त्यात त्याचं कॅलिब्रेशन असतं, ते घेऊन रीडिंग दुरुस्त करायचं, त्या सेन्सरच्या मागच्या नोंदीशी ताडून बघायचं, तीच असेल तर सोडून द्यायची आणि नसेल तर नव्या फाइलमधे लिहायची. काम एवढंच.

जुना कोड सगळा एकाखाली एक होता, टपल आणि डिक्शनऱ्या वापरून, दिसायला घाण पण सहा-सात सेकंदांत संपायचा. मागच्या आठवड्यात नीटनेटका करायला घेतला. आता फॉर लूप प्रत्येक ओळीला एकच फंक्शन बोलावतो आणि त्या फंक्शनच्या आतच मी सगळं ठेवलंय, कारण ते बाहेर कुणाला लागतच नाही. मोबाइलवरून लिहितेय म्हणून कोड शब्दांतच सांगते. आत पहिल्यांदा तीन फील्डचा एक डेटाक्लास (नोंद ठेवायचा तयार साचा) आहे, सेन्सर, रीडिंग आणि स्टेटस. मग एक फंक्शन आहे जे सेन्सरचा कोड घेऊन जेसन फाइल उघडतं, त्याच्या डोक्यावर एलआरयू कॅशचा डेकोरेटर (आधीची उत्तरं लक्षात ठेवणारं, फंक्शनवर वरून चढवायचं आवरण) लावलाय म्हणजे तीच फाइल परत परत उघडायला नको (आधी यासाठी साधी डिक्शनरी होती). आणि तिसरं एक दोन ओळींचं फंक्शन, मोकळ्या जागा काढून आकड्यात बदलणारं. बस.

हे केल्यापासून तीन मिनिटं लागतायत. कुठेतरी वाचलं की डेफ (फंक्शन बनवणारी ओळ) आत असेल तर दर वेळी नवीन फंक्शन बनतं म्हणून ते तिसरं छोटं फंक्शन काढून टाकलं, काडीचाही फरक नाही. मग कॅशवाल्या फंक्शनचा आयडी छापून पाहिला तर जवळजवळ प्रत्येक ओळीला तोच आकडा, मधेच कधीतरी बदलतो. म्हणजे नवीन बनत नाहीये ना? मग वेळ जातोय कुठे? मल्टिप्रोसेसिंगने काम वाटून द्यायचा प्रयत्न केला तर लोकल ऑब्जेक्ट पिकल करता (दुसरीकडे पाठवण्यासाठी गुंडाळता) येत नाही असा एरर येऊन तेही बंद पडलं. मेमरीचा ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतोय, पूर्वी सपाट असायचा. आणि अजून एक, याचा संबंध आहे की नाही माहीत नाही, पण नवी फाइल आता पूर्ण २ लाख ओळींची येतेय, आधी सारख्या नोंदी गळून बरीच लहान यायची. ते मी रीडिंगच्या दशांश चिन्हानंतरच्या भानगडीवर ढकललं होतं.

मोजपट्टी

आधी मोजा, मग काढा. तुम्ही छोटं फंक्शन काढून बघितलंत ते अंदाजाने, आणि अंदाज चुकला यात नवल नाही, कारण साधं डेफ फारच स्वस्त असतं. आतल्या फंक्शनचा कोड फाइल लोड होताना एकदाच कंपाइल होऊन बाहेरच्या फंक्शनच्या पोटात तयार बसलेला असतो, दर वेळी फक्त त्याच्याभोवती एक हलकंसं ऑब्जेक्ट उभं राहतं. साधारण शंभर नॅनोसेकंदांच्या आसपासचा खर्च, मशीननुसार थोडं इकडेतिकडे. २ लाख गुणिले तेवढं करून बघा, सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग होतो. त्याने तीन मिनिटं जाणं शक्यच नाही.

आता असं करा. पहिल्या १०,००० ओळींची वेगळी फाइल काढा आणि प्रोग्राम सीप्रोफाइलखाली (कुठलं फंक्शन किती वेळा बोलावलं आणि किती वेळ गेला ते मोजणारा प्रोफाइलर) चालवा. पूर्ण फाइलवर नको, प्रोफाइलरचं स्वतःचं ओझं असतं, उगाच बसून राहाल. आउटपुट आलं की वेळेचे रकाने नंतर बघा, आधी डावीकडचा पहिला रकाना बघा, किती वेळा बोलावलं तो. या प्रकारच्या दुखण्यात सगळं तिथेच दिसतं. जे काम प्रोग्रामभर एकदा किंवा ४०० वेळा व्हायला हवं आणि ज्याच्यासमोर १०,००० लिहिलंय, तो तुमचा चोर.

एक सावधगिरी, डेफचा स्वतःचा खर्च सीप्रोफाइलमधे वेगळा दिसतच नाही कारण ते बोलावणं नाही, बाइटकोडची (कंपाइल झालेल्या कोडची) एक सूचना आहे, तिचा वेळ बाहेरच्या फंक्शनच्या स्वतःच्या वेळेत मिसळून जातो. पण डेफच्या किंवा क्लासच्या निमित्ताने जे जे चालतं ते दिसतं.

नवी_ओळ

चालवलं. जे दिसतंय त्यातलं निम्मं मी लिहिलेलंच नाहीये!

बिल्ड क्लास नावाचं काहीतरी, १०,००० पेक्षा थोडं जास्त. एक्झेक ३०,००० च्या थोडं वर, आणि त्याच्या आकड्यात मधे तिरकी रेघ आहे, रेघेनंतर १. इन्स्पेक्ट मॉड्यूलमधली कितीतरी फंक्शन्स आहेत, सिग्नेचर वगैरे नावांची, मी इन्स्पेक्ट कुठेच इंपोर्ट केलेलं नाही. डेटाक्लासेसच्या फाइलमधली अंडरस्कोरने सुरू होणारी नावं तर भरपूर. आणि फाइल उघडणारं ओपन, १०,००० वेळा. जेसन लोड, तेही १०,०००. हे शेवटचं बघून डोकंच फिरलं, सेन्सर ४००च आहेत आणि कॅश लावलेला आहे.

एक्झेकचा एकूण वेळ सगळ्यात जास्त दाखवतोय, मग तोच गुन्हेगार का? मी एक्झेकही वापरत नाही.

बाइटकोड_वाचक

एक्झेकच्या एकूण वेळेवर जाऊ नका ताई. एक्झेक म्हणजे दिलेला कोड चालवणारं पायथनचं फंक्शन, तुमचा आख्खा प्रोग्रामच सीप्रोफाइल त्यातून चालवतो, म्हणून त्याचा एकूण वेळ नेहमीच सगळ्यात वर असतो आणि तिरक्या रेघेनंतरचा १ तोच. पण रेघेच्या डावीकडचा ३०,००० मात्र फार बोलका आहे. ओळी १०,००० आणि एक्झेक ३०,०००, म्हणजे ओळीमागे बरोब्बर तीन.

हे तीन कुठून आले ते सांगतो. डेटाक्लासचा डेकोरेटर तुमच्या फील्डची नावं बघतो आणि इनिट, रेप्र आणि इक्वल (ऑब्जेक्ट बनवणं, छापणं आणि ताडणं) या तीन मेथडचा सोर्स कोड चक्क मजकूर म्हणून तयार करतो, मग तो मजकूर एक्झेकला देतो. म्हणजे दर ओळीला तीन नवीन फंक्शन्सचं पार्सिंग आणि कंपाइलिंग, अगदी शून्यापासून. साध्या डेफला जी सवलत मिळते, कोड आधीच कंपाइल होऊन तयार, ती इथे मिळत नाही कारण मजकूर प्रत्येक वेळी नव्याने बनतो. (ही गोष्ट तुमच्या ३.१० ची, ३.१३ पासून हे तिन्ही मजकूर एकत्र करून एकदाच एक्झेक होतं, पण दर ओळीला क्लास बनवणं तिथेही महागच.) आणि इन्स्पेक्टचं कोडं असं की तुम्ही क्लासला डॉकस्ट्रिंग (माहितीचा मजकूर) दिलेली नसणार, मग डेटाक्लास स्वतः एक बनवतो, क्लासचं नाव आणि इनिटची सिग्नेचर (आर्ग्युमेंटची यादी) मिळून, आणि ती सिग्नेचर काढायला इन्स्पेक्टला बोलावतो. तेही दर ओळीला, कुणीही कधीही न वाचणाऱ्या डॉकस्ट्रिंगसाठी. हे पहिल्यांदा प्रोफाइलमधे पाहिलं तेव्हा मीही लायब्ररीचा सोर्स उघडून बसलो होतो, त्याशिवाय विश्वास बसेना.

मुळात समजून घ्यायची गोष्ट ही की पायथनमधे डेफ आणि क्लास या घोषणा नाहीत, त्या चालणाऱ्या ओळी आहेत. प्रोग्राम त्या ओळीवर आला की ती चालते, आणि तिच्यावर जे टांगलंय तेही चालतं, डेकोरेटर चालतो, डिफॉल्ट आर्ग्युमेंटमधलं गणित होतं, क्लासचं पूर्ण अंग वरपासून खालपर्यंत चालतं. फाइलच्या वरच्या पातळीवर असेल तर हे एकदाच होतं म्हणून कधी जाणवत नाही. तुमच्याकडे ते २ लाख वेळा होतंय.

आता कॅश. एलआरयू कॅश हा डेकोरेटर आहे, तो चालला की एक कोरी वही तयार होते आणि ती त्या एका फंक्शनला जोडली जाते. पुढच्या ओळीला फंक्शन नवं, वही नवी, पुन्हा कोरी. एकच नोंद लिहिली जाते आणि वही फेकली जाते. खात्री करायची तर बाहेरच्या फंक्शनच्या शेवटी कॅश इन्फो छापा, प्रत्येक ओळीला हिट्स (वहीत सापडलं) ०, मिसेस (सापडलं नाही) १ असंच दिसेल. डिक्शनरी बाहेर होती म्हणून जुना कोड पळत होता.

आयडीने तुम्हाला फसवलं, आणि यात खूप जण फसतात. आयडी म्हणजे मेमरीतला पत्ता. फंक्शन संपलं की आतलं ऑब्जेक्ट लगेच सुटतं, जागा रिकामी होते, पुढच्या वेळी बनलेलं नवीन ऑब्जेक्ट नेमकं त्याच रिकाम्या जागेवर जाऊन बसतं. पत्ता तोच, राहणारा वेगळा. खरं बघायचं तर ती फंक्शन्स एका लिस्टमधे साठवत जा म्हणजे सुटणार नाहीत, आणि मग शंभर ओळींनंतर किती वेगळे आयडी आहेत ते मोजा, शंभर निघतील.

बाकीची तीनही लक्षणं याच मुळाची आहेत.

मेमरीची करवत: फंक्शन लगेच सुटतं पण क्लास सुटत नाही, कारण क्लास स्वतःकडेच बोट दाखवून असतो, त्याच्या एमआरओमधे (मेथड कुठल्या क्लासमधे कुठल्या क्रमाने शोधायची ती यादी) तो स्वतःच पहिला असतो. असं वर्तुळ रेफरन्स मोजून सुटत नाही, गार्बेज कलेक्टर यावा लागतो. तोवर मेलेले क्लास साठत जातात, तो येतो, झाडतो, परत साठतात.

पिकलचा एरर: दुसऱ्या प्रोसेसला ऑब्जेक्ट पाठवताना पिकल क्लासचं फक्त नाव आणि मॉड्यूल लिहितो, पलीकडे त्या नावाने शोधतो. फंक्शनच्या पोटातला क्लास बाहेरून नावाने सापडत नाही. तुमच्या एररमधे क्लासच्या नावाआधी लोकल्स असा शब्द असेल बघा, ती खूणच आहे.

आणि सारख्या नोंदी न गळणं. हे सगळ्यात गंभीर, वेगापेक्षाही. डेटाक्लासचं इक्वल दोन ऑब्जेक्ट ताडताना आधी बघतं की दोघांचा क्लास तोच आहे का, नुसतं नाव नाही, तोच क्लास. तुमची मागची नोंद एका क्लासची आणि ही नोंद दुसऱ्याच क्लासची, नाव सारखं, फील्ड सारखी, आकडे सारखे, तरी उत्तर कायम नाही. दशांशाचा काही संबंध नाही. नवीन कोड आल्यापासून जितक्या फाइली पुढे दिल्या असतील त्या परत काढाव्या लागतील, हे आत्ताच सांगून ठेवतो.

कंसातला_कंस

म्हणूनच आमच्या टीममधे फंक्शनच्या आत फंक्शन हे सरळ बंदच आहे. सगळं वरच्या पातळीवर. रिव्ह्यूमधे दिसलं की परत पाठवतो, कटकट नको.

मोजपट्टी

हे मात्र मला पटत नाही. आतलं फंक्शन बाहेरचे व्हेरिएबल धरून ठेवतं ही त्याची ताकद आहे, डेकोरेटर लिहायचा म्हटला तरी आत फंक्शन लागतंच, सॉर्टला दिलेला लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) हेही आतलं फंक्शनच. इथे दुखणं नेस्टिंगमुळे नाहीये, जे एकदाच व्हायला हवं होतं ते गरम, म्हणजे लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमधे बसल्यामुळे आहे. सरसकट बंदी घातली की लोक चार-चार आर्ग्युमेंट हातोहात पुढे सरकवत बसतात किंवा ग्लोबल व्हेरिएबल करतात, मग त्याची वेगळी डोकेदुखी.

मी रिव्ह्यू करताना बघतो ते एवढंच की ही ओळ किती वेळा चालणार, आणि तिच्यावर काय टांगलंय. नुसतं डेफ असेल तर जाऊ दे. क्लास असेल तर थांबतो, रिकामा क्लाससुद्धा डेफच्या मानाने कितीतरी पट महाग. डेटाक्लास किंवा नेमटपल असेल तर बाहेर काढायलाच सांगतो. कॅश असेल तर बाहेर, चर्चाच नाही. नंबाचा जिट (फंक्शन मशीन कोडमधे बदलणारा डेकोरेटर) असेल तर दर वेळी कंपाइल, तिथे तर एका फेरीला सेकंदसुद्धा जाऊ शकतो. मशीन लर्निंगच्या टेन्सरफ्लोचं टीएफ फंक्शन लूपमधे बनवलं तर तो स्वतःच वॉर्निंग देतो की परत परत ट्रेसिंग होतंय, आणि लोक ती वॉर्निंग महिनोन्महिने बंद करून ठेवतात. उलट रेजेक्सचं (मजकुरात शोधायच्या पॅटर्नचं) कंपाइल आत असलं तर लोक फार घाबरतात पण तिथे आरई मॉड्यूल स्वतःच अलीकडचे ५१२ पॅटर्न सांभाळून ठेवतं, त्यामुळे फटका बराच कमी बसतो.

शंका आली तर डिस मॉड्यूलने बाहेरचं फंक्शन उलगडून बघा. मेक फंक्शन अशी सूचना दिसली तर फंक्शन बनतंय, तिच्याआधी लोड बिल्ड क्लास दिसली तर क्लास बनतोय. आणि टाइमइटने फक्त तेवढाच तुकडा मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा_रेंडर

मी पायथनवाला नाही, फ्रंटएंडला असतो, पण वाचताना अंगावर काटा आला कारण मागच्या वर्षी अगदी हेच रिअॅक्टमधे (वेबपानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) भोगलंय. एक मोठा फॉर्म होता, त्यात एका अक्षरानंतर कर्सर उडायचा. टेक्स्टबॉक्समधे क टाइप केला की फोकस गेला, परत क्लिक करा, परत एक अक्षर. आणि पान इतकं जड झालेलं की टाइप केलेलं दिसायलाच वेळ लागायचा. आम्ही आधी स्टेट मॅनेजमेंटवर संशय घेतला, मग ब्राउझरवर, मग कीबोर्डच्या एक्स्टेन्शनवर.

निघालं काय तर कुणीतरी कंपोनंटच्या (पानाचा एक तुकडा बनवणाऱ्या फंक्शनच्या) आतच दुसरा कंपोनंट लिहिला होता. बाहेरचा रेंडर झाला की आतल्याचं फंक्शन नवीन बनतं, आणि रिअॅक्टच्या दृष्टीने नवीन फंक्शन म्हणजे नवीन प्रकारचा कंपोनंट, मग तो जुनं झाड पूर्ण उपटून टाकतो आणि नव्याने लावतो, त्यातला स्टेट गेला, टेक्स्टबॉक्सही नवा आला म्हणून फोकस गेला. सापडलं कसं तर संशयित कंपोनंटमधे रिकाम्या डिपेंडन्सीचा यूझइफेक्ट (कंपोनंट पानावर आला की एकदा चालणारा, गेला की क्लीनअप चालवणारा) टाकला, त्यात एक लॉग आणि क्लीनअपमधे एक लॉग. एका अक्षराला दोन्ही लॉग पडले, गेला आणि आला, गेला आणि आला. आतला कंपोनंट फाइलच्या वरच्या पातळीवर नेला, हवं ते प्रॉप्समधून दिलं, संपलं.

यानंतर मात्र टीममधे प्रत्येक छोट्या क्लिक हँडलरला यूझकॉलबॅक (तेच फंक्शन टिकवून ठेवणारा) लावायची साथ आली, त्याची काही गरज नसते. साध्या बटणाला नवीन फंक्शन मिळालं तर कुणाचं काही बिघडत नाही. मेमो केलेल्या (प्रॉप्स तेच असतील तर परत रेंडर न होणाऱ्या) कंपोनंटला ते फंक्शन जात असेल किंवा ते एखाद्या इफेक्टच्या डिपेंडन्सीत असेल तरच विचार करायचा.

अॅड इव्हेंट लिसनरचंही (क्लिकसारख्या घटनेला फंक्शन जोडण्याचं) तेच. तेच फंक्शन परत दिलं तर ब्राउझर दुर्लक्ष करतो, पण जागच्या जागी लिहिलेलं अॅरो फंक्शन प्रत्येक वेळी नवीन, म्हणून ते साठत जातं. पॉपअप पन्नास वेळा उघडला तर एका क्लिकला पन्नास वेळा काम. आणि काढतानाही नवीन अॅरो दिलं तर काहीच निघत नाही.

वहीतला_सेल

नोटबुकमधे (जिथे कोड सेल नावाच्या तुकड्यांत चालवतात) काम करणाऱ्यांसाठी याचा एक चुलतभाऊ सांगून ठेवतो, कारण तो सापडायला फार कठीण. माझं एक फंक्शन दिवसभर हळूहळू मंद होत जायचं, सकाळी झटपट आणि संध्याकाळी रखडत, कर्नल रीस्टार्ट केलं की परत झटपट. डेटा तोच.

एका सेलमधे मी लायब्ररीचं एक फंक्शन घेऊन त्याला लॉग लिहिणारं आवरण घालत होतो आणि परत त्याच नावाला देत होतो. सेल दुसऱ्यांदा चालवला की आवरणावर आवरण. दिवसभरात तो सेल साठ-सत्तर वेळा चालला की एका बोलावण्याला साठ-सत्तर लॉग. लॉग फाइलमधे तीच ओळ एकाखाली एक दिसत होती आणि मी समजत होतो की फंक्शनच तितक्या वेळा बोलावलं जातंय. शेवटी फंक्शनच्या रॅप्ड या अॅट्रिब्यूटमागून मागे मागे जात किती पदर आहेत ते मोजलं (फंकटूल्सचं रॅप्स वापरलं असेल तरच ही साखळी मिळते). आता मूळ फंक्शन वेगळ्या नावाने एकदाच बाजूला ठेवतो, वेगळ्या सेलमधे, आणि आवरण नेहमी त्या मूळ फंक्शनलाच घालतो.

नवी_ओळ

बाइटकोड_वाचक, इक्वलचं वाचून पोटात गोळा आला. आधी तेच तपासलं. जुन्या आणि नव्या कोडच्या फाइली शेजारी ठेवल्या, सेन्सर तोच, रीडिंग तेच, स्टेटस तेच, त्या सेन्सरच्या लागोपाठच्या तीन-तीन नोंदींत. आठवडाभराच्या फाइली परत काढायला लागणार आहेत, ज्यांना दिल्या त्यांना कळवलंय.

आता वेगाचं. एका वेळी एकच बदल केला. पहिल्यांदा फक्त डेटाक्लास वर नेला. तीन मिनिटांवरून थेट ३८ सेकंदांवर. मेमरीचा ग्राफ सपाट, सारख्या नोंदी गळायला लागल्या, मल्टिप्रोसेसिंगचा एररही गेला.

मग कॅशवालं फंक्शन बाहेर काढलं. सरळ नाही निघालं, कारण ते बाहेरच्या फंक्शनमधला फोल्डरचा पत्ता आतून उचलत होतं, तो आर्ग्युमेंट करून द्यावा लागला. आणि पत्ता मी तुकड्यांच्या लिस्टमधे ठेवला होता तर लिस्ट हॅश होत नाही (कॅशची किल्ली बनू शकत नाही) म्हणून एरर, मग स्ट्रिंग केली. एवढं सगळं करून चालवलं तर परत ३८ सेकंद! कॅश इन्फो छापला, हिट्स ०, मिसेस २ लाख, करंट साइझ १२८. आता तर फंक्शन एकच आहे, वही एकच आहे, मग हिट्स शून्य कसे? सेन्सर ४००च आहेत हो.

बाइटकोड_वाचक

उत्तर तुमच्याच पहिल्या पोस्टमधे आहे, ओळींचा क्रम. एलआरयू कॅशला काही सांगितलं नाही तर तो १२८ नोंदी ठेवतो आणि भरला की सगळ्यात जुनी वापरलेली काढतो. तुमच्याकडे १ ते ४०० क्रमाने येतात. १२९ वा सेन्सर आला की पहिला बाहेर, १३० वा आला की दुसरा बाहेर. ४०० संपून परत पहिला येतो तेव्हा तो केव्हाच गेलेला असतो. त्याला आत घ्यायला जो बाहेर काढला जातो तो आता लवकरच लागणार असतो. गोल फिरणारा क्रम आणि त्यापेक्षा लहान एलआरयू, यात एकही हिट मिळत नाही. थोडेसुद्धा नाहीत, शून्यच. तोच डेटा सेन्सरप्रमाणे लावलेला असता तर १२८ काय, १ सुद्धा पुरला असता.

मॅक्ससाइझ नन द्या. ४०० छोट्या फाइली मेमरीत राहिल्या तर काही बिघडत नाही. फक्त प्रोग्राम चालू असताना कॅलिब्रेशनच्या फाइली कुणी बदलत असेल तर कॅशला ते कळणार नाही, तेवढं बघा.

नवी_ओळ

फाइली मधे बदलत नाहीत, रात्री एकदाच येतात.

मॅक्ससाइझ नन दिलं. हिट्स १,९९,६००, मिसेस ४००. वेळ ७.४ सेकंद. नवीन फाइलची ओळसंख्या जुन्या कोडच्या फाइलशी तंतोतंत जुळली, डिफ मारून बघितला, एकही ओळ वेगळी नाही.

आणि ते दोन ओळींचं छोटं फंक्शन, जे मी पहिल्याच दिवशी उडवलं होतं, ते परत आत ठेवून बघितलं. ७.४ च आले. आता ते तिथेच राहू देते, वाचायला सोपं जातं.

मोजपट्टी

एक टेस्टही लिहून टाका, दोन सारख्या ओळी देऊन एकच बाहेर येते का एवढीच. ही टेस्ट असती तर प्रोफाइलर उघडायच्या आधीच पहिल्या दिवशी लाल दिवा लागला असता. आणि त्यातच १,००० ओळी चालवून कॅश इन्फोमधले मिसेस ४०० च्या वर जात नाहीत ना तेही तपासा.

नवी_ओळ

दोन्ही टाकल्या. दुसऱ्या टेस्टमधे सुरुवातीलाच कॅश क्लिअर बोलवावा लागला, नाहीतर आधीच्या टेस्टमधले आकडे त्यात मिसळत होते. आता हिरवं आहे.